फेफऱ्यासाठी दिव्यांग प्रमाणपत्र आणि वकिलाची मदत: इंदूरमध्ये सुरुवात कुठून करायची

घरी आपण ‘फिट आली’, ‘आकडी आली’ म्हणतो, जुनी माणसं ‘फेफरं’ म्हणतात. इंदूरच्या सरकारी अर्जावर त्याचीच ‘मिर्गी’ होते आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ‘सीझर डिसऑर्डर’ किंवा ‘एपिलेप्सी’. एकाच फाइलमध्ये हे सगळे शब्द येणार असतील, तर ही एकाच आजाराची नावं आहेत असं पहिल्या पानावरच स्वच्छ लिहा. पुढे जे अडतं, त्यातलं बरंचसं शब्दांवर अडतं.

सगळ्यात मोठी अडचणही शब्दाचीच आहे. दिव्यांगजन अधिकार अधिनियम २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे जे २१ प्रकार धरले आहेत, त्यांत एपिलेप्सीचं नाव नाही. खिडकीवरचा कर्मचारी ‘सूची में नहीं है’ म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो, पण तेवढ्यावर घरी परतायचं कारण नाही. या कायद्यात नुसत्या आजाराच्या नावावर फारसं मिळत नाही. त्या आजारामुळे माणसाचं काय काय बंद पडलं हे दाखवता आलं, तर मिळतं. दिव्यांगत्व किती टक्के आहे हे ठरवणाऱ्या मेडिकल बोर्डाला तेच बघायचं असतं आणि वकिलालाही तेच लागतं.

आधी दार ठरवा

दारं तीन आहेत. कुठल्या दाराने जायचं हे ठरवल्याशिवाय अर्ज भरू नका, कारण चुकीच्या रकान्यात टाकलेला अर्ज नाकारला गेला की तो नकारच पुढे आपल्याविरुद्ध कागद म्हणून उभा राहतो.

पहिलं आणि सर्वांत पक्कं दार म्हणजे यादीत असलेलं दुसरं दिव्यांगत्व. फिट येणाऱ्या अनेकांना, विशेषतः लहान मुलांना, सोबत सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व, शिकण्याची विशिष्ट अडचण, ऑटिझम किंवा एका बाजूच्या हातापायातला कमजोरपणा असतो. हे सगळे प्रकार यादीत आहेत. फिटच्या धास्तीत घरच्यांचं त्यांच्याकडे लक्षच गेलेलं नसतं. मुलाची बुद्ध्यंक चाचणी करून घ्या, हातापायाची ताकद तपासून घ्या, आणि अर्जात ते प्रकार नावानिशी लिहा. दोन दिव्यांगत्वं असतील तर टक्के सरळ बेरीज करून मिळत नाहीत. ९० मधून मोठा टक्का वजा करायचा, उरलेल्याला लहान टक्क्याने गुणून ९० ने भागायचं, आणि येईल ते मोठ्या टक्क्यात मिळवायचं. बौद्धिक ५० आणि हातापायाचं ३० असेल, तर ४० गुणिले ३० भागिले ९० म्हणजे सुमारे १३. एकूण होतात ६३, ८० नव्हे. हा फरक आधीच समजलेला बरा, कारण इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग पेन्शनसाठी गरिबी रेषेच्या यादीतलं नाव आणि ८० टक्के लागतात, तर नोकरी-शिक्षणातल्या आरक्षणासाठी ४० पुरतात.

याच दाराने जाणाऱ्या मुलांच्या आईवडिलांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम, बौद्धिक किंवा बहुदिव्यांगत्व असेल, तर राष्ट्रीय न्यास कायदा १९९९ लागू होतो. त्यात निरामया आरोग्य विमा आहे, १ लाख रुपयांपर्यंतचा. मूल १८ वर्षांचं झालं की आईवडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. बँक आणि पेन्शनच्या कामासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडून पालकत्वाचा आदेश घ्यावा लागतो. तो १७ व्या वर्षीच तयारीला घ्यावा.

दुसरं दार आहे ‘क्रॉनिक न्यूरोलॉजिकल कंडिशन’, म्हणजे मज्जासंस्थेचा जुनाट आजार. कायद्यात या शीर्षकाखाली मल्टिपल स्क्लेरोसिस आणि पार्किन्सन्स ही दोन नावं आहेत, पण त्यांच्या आधी ‘जसे की’ असे शब्द आहेत. ‘जसे की’ म्हटल्यावर ही उदाहरणं होतात, यादी तिथे संपत नाही, असा युक्तिवाद इथे करता येतो. फक्त एपिलेप्सी असलेल्या, औषधांनी न थांबणाऱ्या रुग्णाने याच शीर्षकाखाली मूल्यमापन मागावं. ही खात्रीची वाट नाही. बोर्ड नाकारू शकतं, आणि बहुतेक वेळा वकिलाची गरज इथेच पडते.

तिसऱ्या दाराला टक्केच लागत नाहीत. कायद्याच्या कलम २ मध्ये ‘दिव्यांग व्यक्ती’ची एक रुंद व्याख्या आहे: दीर्घकाळचा असा शारीरिक, मानसिक, बौद्धिक किंवा ज्ञानेंद्रियांचा दोष, ज्यामुळे आजूबाजूच्या अडथळ्यांशी गाठ पडली की माणसाला समाजात बरोबरीने भाग घेता येत नाही. या व्याख्येत ना २१ ची यादी आहे, ना ४० टक्के. विकास कुमार विरुद्ध संघ लोकसेवा आयोग या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ रोजी हाच फरक मान्य केला. त्या उमेदवाराच्या हाताला लिहिताना पेटके येत आणि त्याच्याकडे ४० टक्क्यांचं प्रमाणपत्र नव्हतं, तरी त्याला लेखनिक मिळण्याचा हक्क आहे असा निर्णय झाला. या दाराने पेन्शन किंवा आरक्षण मिळत नाही. परीक्षेत जास्तीचा वेळ, रात्रपाळीतून सूट, उंचीवरच्या किंवा मशीनवरच्या कामातून बदली अशा सोयी मागता येतात. नोकरी करणाऱ्या माणसाला पुष्कळदा पेन्शनपेक्षा याचीच गरज असते.

फाइल: इथेच निकाल लागतो

बोर्डासमोर रुग्ण बसतो तेव्हा तो बहुधा ठीकच दिसतो. आंधळेपणा दिसतो, पोलिओचा पाय दिसतो. फिट मात्र त्या पाच मिनिटांत येत नाही. म्हणून जे दिसत नाही ते कागदाने दाखवावं लागतं.

सर्वांत महत्त्वाची फिटची वही. किमान सहा महिन्यांची हवी, आणि ती रोजच्या रोज भरलेली असावी. एकाच पेनाने एकाच दिवशी लिहून काढलेली वही लगेच ओळखू येते. प्रत्येक फिटसाठी लिहायचं: तारीख, वेळ, किती मिनिटं, शुद्ध गेली की नाही, शरीराची कुठली बाजू हलली, पडून लागलं का, जीभ चावली किंवा लघवी झाली का, पूर्ण भानावर यायला किती वेळ लागला, आणि कोणी पाहिलं. शेवटचे दोन रकाने लोक गाळतात, आणि तेच सर्वांत कामाचे असतात. फिट दोन मिनिटांची असते, पण त्यानंतरची गुंगी, डोकेदुखी आणि गोंधळ पुढचे चार-सहा तास घेऊन जातो. महिन्यात पाच फिट म्हणजे दहा मिनिटं नव्हेत, पाच दिवस गेले. त्या दिवशीची गोळी चुकली होती का, झोप झाली होती का, ताप होता का, बायकांच्या बाबतीत पाळी होती का, हेही लिहा. महिन्याला किती फिट आणि त्याही पुरेसं औषध चालू असताना, हा हिशेब महत्त्वाचा आहे. २००१ च्या सरकारी मूल्यमापन तत्त्वांत टक्के त्याच हिशेबाने धरले होते.

घरच्या कोणीतरी मोबाइलवर दोन-तीन फिटचं चित्रण करून ठेवावं. आधी माणसाला कुशीवर वळवायचं, आजूबाजूची टणक वस्तू हलवायची, मग मोबाइल. फिट पाच मिनिटांच्या वर गेली तर चित्रण सोडून सरळ दवाखान्यात न्या. ती आणीबाणी असते.

पुढचा कागद डॉक्टरांचं पत्र. नेहमीच्या चिठ्ठीवर लिहिलेलं असतं: ‘एपिलेप्सीचा जुना रुग्ण, औषध चालू, स्थिती स्थिर.’ हा ‘स्थिर’ शब्द दावा बुडवतो. डॉक्टरांच्या दृष्टीने स्थिर म्हणजे आजार वाढला नाही. बोर्डाच्या दृष्टीने स्थिर म्हणजे काही अडचण नाही. न्यूरोलॉजिस्टकडे वही घेऊन जा आणि वेगळं पत्र मागा, ज्यात एवढं असावं: फिटचा प्रकार, कधीपासून, आजवर दिलेली औषधं आणि त्यांचे डोस, औषध नियमित घेऊनही महिन्याला सरासरी किती फिट येतात, औषधांचे दुष्परिणाम, आणि कुठली कामं धोक्याची आहेत. योग्य निवडलेली आणि सोसलेली दोन औषधं नीट घेऊनही फिट थांबत नसतील, तर वैद्यकशास्त्र त्याला औषधाला दाद न देणारी एपिलेप्सी म्हणतं. तसं असेल तर ते शब्द पत्रात येऊ द्या. औषध नियमित घेतलं याचा पुरावा म्हणून मेडिकलची बिलं ठेवा. ज्या औषधांची रक्तातली पातळी तपासता येते, जसं फेनिटॉइन किंवा व्हॅल्प्रोएट, त्यांचा रिपोर्टही लावा. नाहीतर ‘गोळ्याच घेत नसतील’ हा एक शेरा सगळ्या मेहनतीवर पाणी फिरवतो.

ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख) किंवा एमआरआय नॉर्मल आला म्हणून घाबरून तो रिपोर्ट लपवू नका. ईईजी अर्ध्या तासाचा असतो, त्या अर्ध्या तासात मेंदू शांत असू शकतो. नॉर्मल ईईजीने एपिलेप्सी नाही असं ठरत नाही, आणि हेही डॉक्टरांनी पत्रात एका ओळीत लिहिलं तर बरं. जुने कागद हरवले असतील तर हॉस्पिटलला लेखी अर्ज द्या. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांनुसार भरती रुग्णाचे कागद तीन वर्षं सांभाळायचे असतात आणि मागितल्यावर ७२ तासांत द्यायचे असतात.

मराठी घरांत आणखी एक ठरलेली अडचण येते: लग्नानंतर बदललेलं नाव. पंधराव्या वर्षीचे रिपोर्ट माहेरच्या नावाने, आधार सासरच्या नावाने, आणि समग्र आयडीवर, म्हणजे मध्य प्रदेश सरकारच्या ओळख क्रमांकावर, तिसरंच स्पेलिंग. बोर्डासमोर ही दोन माणसं होतात. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं शपथपत्र नोटरीकडून करून, लग्नाचा दाखला जोडून ठेवा. पुण्या-नागपूरकडचे मराठी कागद असतील तर त्यांचा हिंदी अनुवाद जोडा. आणि महाराष्ट्रात काढलेलं दिव्यांग प्रमाणपत्र असेल तर ते इथे पुन्हा काढायला लागत नाही. दिव्यांगजन अधिनियमाच्या कलम ५८ प्रमाणे ते देशभर चालतं. राज्याच्या पेन्शनसाठी मात्र इथला रहिवास आणि समग्र आयडी लागतो.

अर्ज आणि बोर्ड

अर्ज स्वावलंबन पोर्टलवर, यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या देशभर चालणाऱ्या ओळखपत्रासाठी. आधार, फोटो, पत्त्याचा पुरावा आणि वैद्यकीय कागद लागतात. राहत्या जिल्ह्यात किंवा जिथे उपचार चालू आहेत त्या सरकारी रुग्णालयात अर्ज करता येतो. एमवायमध्ये, म्हणजे महाराजा यशवंतराव रुग्णालयात, उपचार चालू असतील तर तिथली ओपीडीची चिठ्ठी सोबत ठेवा. पोचपावतीचा क्रमांक कागदावर उतरवून ठेवा, नुसता मोबाइलमध्ये नको. ऑक्टोबर २०२४ च्या सुधारित नियमांनुसार निर्णय तीन महिन्यांत व्हायला हवा. कार्डाचा रंग टक्क्यांवर असतो: ४० च्या खाली पांढरा, ४० ते ७९ पिवळा, ८० आणि वर निळा.

बोर्डात न्यूरोलॉजिस्ट नसेल तर तज्ज्ञाचं मत मागवावं अशी लेखी विनंती तिथेच द्या. ‘रोज किती वेळा येते?’ या प्रश्नाला ‘कधी कधी’ असं उत्तर देऊ नका. वही उघडून आकडा सांगा. वाढवून सांगणं तर मुळीच नको. खोटी माहिती देऊन दिव्यांगांचा लाभ घेणं हा कलम ९१ खाली गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. ‘टक्के वाढवून देतो’ म्हणणारा दलाल पैसे घेऊन निघून जातो. सही तुमची असते.

वाहनाचा परवाना असेल तर त्याचाही विचार आधी करा. परवान्याच्या फॉर्म १ मध्ये फिट किंवा अचानक शुद्ध जाण्याबद्दल सरळ प्रश्न असतो. तिथे ‘नाही’ आणि बोर्डासमोर ‘महिन्याला पाच’ हे एकत्र टिकत नाही. गाडी चालवणं थांबवायला हवंच, ते दाव्यापेक्षा जिवासाठी.

नाकारलं तर

तोंडी नकार हा नकार नसतो. ‘लेखी द्या’ म्हणा, कारणासकट. मिळत नसेल तर १० रुपयांचा माहितीचा अधिकार अर्ज टाका आणि बोर्डाचा मूल्यमापन तक्ता, तज्ज्ञाचा शेरा आणि निर्णयाची प्रत मागा. ३० दिवसांत उत्तर यायला हवं. अर्ज नुसता रखडला असेल तर मंगळवारी कलेक्टर कचेरीत तक्रारी ऐकल्या जातात ती जनसुनवाई आणि १८१ ची सीएम हेल्पलाइन या दोन्हींचा उपयोग होतो. वैद्यकीय निर्णय बदलायचा असेल तर मात्र तिथे वेळ घालवू नका. त्यासाठी कलम ५९ खालचं अपील आहे आणि त्याला निर्णयाच्या तारखेपासून ९० दिवस असतात. लोक जनसुनवाईच्या चकरा मारत राहतात आणि ते ९० दिवस हातचे जातात.

अपिलात भावनेपेक्षा मुद्दे हवेत. साधारण असं लिहा, हिंदीत: ‘माझी तपासणी अमुक तारखेला झाली. फिटची सहा महिन्यांची नोंद आणि न्यूरोलॉजिस्टचं पत्र सादर केलं होतं, निर्णयात त्यांचा उल्लेख नाही. एपिलेप्सी यादीत नाही एवढंच कारण दिलं आहे. परिशिष्टातल्या मज्जासंस्थेच्या जुनाट आजारांच्या शीर्षकात “जसे की” असे शब्द आहेत. न्यूरोलॉजिस्टच्या उपस्थितीत माझं पुन्हा मूल्यमापन व्हावं आणि मला बाजू मांडू द्यावी.’ प्रत्येक जोडपत्राला क्रमांक द्या, आणि स्वतःकडच्या प्रतीवर आवक शिक्का घ्या.

वकील, तोही फुकट

अपील स्वतः करता येतं. पण निर्णयात कायद्याचा मुद्दा असेल, नोकरी धोक्यात असेल किंवा उच्च न्यायालयात जायचं असेल, तर वकील हवा. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ खाली स्त्रिया, मुलं, दिव्यांग व्यक्ती, अनुसूचित जाती-जमातीचे लोक यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. इथे एक पेच आहे. प्रमाणपत्रासाठीच भांडणाऱ्या पुरुषाकडे आपण दिव्यांग असल्याचा कागद नसतो, म्हणून ‘दिव्यांग’ या खणात त्याचा अर्ज अडतो. त्याने तो उत्पन्नाच्या खणात भरावा आणि तहसीलचा उत्पन्न दाखला लावावा. स्त्री असेल किंवा मूल असेल तर ‘स्त्री’, ‘मूल’ याच खणात भरा. दिव्यांगत्व सिद्ध करायची गरजच उरत नाही.

अर्ज जिल्हा न्यायालयाच्या आवारात, जिल्हा विधिक सेवा प्राधिकरणात साध्या कागदावर द्यायचा. चौकशीसाठी १५१०० हा राष्ट्रीय क्रमांक आहे. सोबत ओळखपत्र, पात्रतेचा कागद, नकाराचं पत्र आणि एका पानावर तारीखवार हकिगत. हे एक पान वकिलाचे दोन तास वाचवतं आणि तुमचं काम आधी हातात घेतलं जातं. वकिलाची फी, कोर्ट फी, टंकलेखन, प्रमाणित प्रती यांतलं काहीच तुम्ही भरायचं नसतं. नेमलेल्या वकिलाने पैसे मागितले किंवा तारखेला आलेच नाहीत, तर प्राधिकरणाच्या सचिवांना लेखी कळवून वकील बदलून मागा. मदत नाकारली तर अध्यक्षांकडे, म्हणजे जिल्हा न्यायाधीशांकडे जाता येतं. अपीलही फेटाळलं गेलं तर पुढचा टप्पा उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठात रिट याचिका, म्हणजे सरकारी निर्णयाविरुद्ध थेट दाद मागणं. तिथे उच्च न्यायालय विधिक सेवा समिती वकील देते.

खासगी वकील केलात तर फी आधी लेखी ठरवा. ‘पेन्शन लागली की थकबाकीतले इतके टक्के द्या’ असा करार करणं बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही. दिव्यांगांच्या कायद्यावर आधी काम केलं आहे का हे विचारा. कलम २ मधली व्याख्या आणि ४० टक्क्यांचं दिव्यांगत्व यांतला फरक ज्यांना लगेच सांगता येतो, त्यांना काम द्यावं.

नोकरी

सरकारी नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं तर दिव्यांगजन अधिनियमाच्या कलम २० प्रमाणे काढता येत नाही, पदावनती करता येत नाही. त्याच वेतनश्रेणीत दुसरं काम द्यावं लागतं. म्हणून फिट सुरू झाल्यावर दबावाखाली राजीनामा लिहून देऊ नका. एकदा स्वतःच्या हाताने लिहिलेला राजीनामा सोडवणं वकिलालाही जड जातं. कार्यालयातल्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे तक्रार नोंदवा, दोन आठवड्यांत चौकशी व्हायला हवी. नाही झाली तर जिल्हास्तरीय समिती, मग भोपाळचे राज्य दिव्यांगजन आयुक्त. आयुक्तांपुढे वकिलाशिवायही उभं राहता येतं, आणि त्यांच्या शिफारशीवर काय केलं हे संबंधित कार्यालयाला तीन महिन्यांत कळवावं लागतं. खासगी कंपनीविरुद्ध रिट सहसा चालत नाही, म्हणून तिथेही सुरुवात आयुक्तांपासूनच करा. २० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपनीला समान संधी धोरण ठेवावं लागतं. ते लेखी मागून घ्या.

लग्नाच्या बाबतीत भीती घालणारे अजून भेटतात. हिंदू विवाह कायद्यातून एपिलेप्सीचा उल्लेख १९९९ च्या दुरुस्तीने काढून टाकला आहे. प्रमाणपत्र काढलं तर लग्न मोडेल या धाकाने मुलीचा अर्जच न करणं हे तिच्या हक्काचं नुकसान आहे.

सुनावणीच्या आदल्या रात्री जागरण टाळा, कारण अपुऱ्या झोपेने फिट येते. सकाळची गोळी वेळेवर घ्या, दुपारची खिशात ठेवा, आणि फिट पाहिलेल्या माणसाला सोबत न्या. ज्याला शुद्धच नसते त्याला स्वतःची फिट सांगता येत नाही, ती बघणाऱ्यालाच सांगावी लागते. तासन्‌तास उभं ठेवलं तर बसायची जागा आणि आधी नंबर मागा. लोकन्यायालय आणि विधिसेवेच्या कार्यालयांनी दिव्यांगांना अशा सोयी द्याव्यात असं दिव्यांगजन अधिनियमाच्या कलम १२ मध्ये लिहिलेलं आहे, तेव्हा हे मागताना संकोच नको.